मिलीबगच्या पोटात वाढणारी गांधीलमाशी : मंगळवेढ्याच्या द्राक्षबागेपासून एकादशीच्या साबुदाण्यापर्यंत

मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत आठवतात, चोखोबा आठवतात आणि लगोलग आठवते ती ज्वारी. इथल्या काळ्याभोर जमिनीतल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाण्याची सोय झाली तिथे ज्वारीच्या शेजारी द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पंढरपूर आणि सांगोला या शेजारच्या तालुक्यांतही तेच चित्र आहे.

या बागांमध्ये फेब्रुवारीच्या आसपास एक प्रकार हमखास दिसतो. घडात साखर भरत आलेली असते. शेतकरी घड उचलून आत बघतो, तर मण्यांच्या देठाजवळ कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके. हात लावला की बोटं चिकट होतात. आठवड्याभरात त्या चिकट थरावर काळी काजळी चढते. असा घड निर्यातीच्या पेटीत जात नाही आणि स्थानिक बाजारातही व्यापारी भाव पाडतो. वर्षभराचा खर्च झाल्यावर, तोडणीच्या तोंडावर बसणारा हा फटका असतो.

या किडीचं नाव मिलीबग. शेतकऱ्यांच्या भाषेत पिठ्या ढेकूण. तिच्यावर दरवर्षी फवारण्या होतात आणि दरवर्षी ती परत येते. पण याच पिठ्या ढेकणाला आतून पोखरून मारणारी एक इवलीशी गांधीलमाशी आहे. तिने भारतातली पपई वाचवली, कापूस वाचवायला मदत केली आणि एकादशीच्या साबुदाण्यासाठीही तिलाच बोलवावं लागलं. ही माशी नेमकी काय करते आणि आपल्या बागेत तिचा उपयोग कसा होतो, ते समजून घेऊ.

पिठ्या ढेकूण इतका चिवट का?

मिलीबग झाडाच्या सालीत, पानात किंवा फळात सोंड खुपसून रस शोषतो. रसातली जास्तीची साखर तो चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. शेतकरी म्हणतात, 'झाडावर मध पडलाय.' या गोड थरावर काळी बुरशी वाढते, तीच काजळी.

त्याचा चिवटपणा तीन गोष्टींत आहे. एक, अंगावरचं मेण. पांढरं पीठ दिसतं ते हेच. त्यावरून फवाऱ्याचे थेंब घरंगळून जातात. दोन, लपण्याची जागा. द्राक्षात तो वर्षातला बराच काळ खोडाच्या आणि ओलांड्यांच्या सुटलेल्या सालीखाली काढतो. ऑक्टोबर छाटणीनंतर नवी फूट आली की हळूहळू वर सरकतो आणि घड पिकू लागले की त्यांच्या आत शिरतो. तिथे फवारा पोचत नाही. तीन, वाढण्याचा वेग. एक मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं मुंग्या, वारा, मजुरांचे कपडे, छाटणीच्या कात्र्या अशा कशावरूनही पुढच्या झाडावर पोचतात.

म्हणून फवारणी केली की वरवरचे मिलीबग मरतात, सालीखालचे उरतात. त्या फवारणीत मिलीबगचे शत्रू मात्र उघड्यावर सापडतात आणि आधी मरतात. उरलेल्या मिलीबगांना मग रान मोकळं मिळतं. 'औषध मारलं की पिठ्या वाढतो' हा अनुभव अनेक शेतकऱ्यांना येतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

प्रश्न फक्त खर्चाचा नाही

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि युरोपात धोक्याची सूचना निघाली. मेथोमिल तेव्हा द्राक्षात मिलीबगवरही वापरलं जायचं. या धक्क्यानंतर अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने निर्यातीच्या द्राक्षांसाठी अवशेष तपासणीची व्यवस्था उभी केली. आज निर्यातदार बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल आल्यावरच माल हलतो.

यात शेतकऱ्याची कोंडी होते. मिलीबग घडात शिरतो तो तोडणीच्या आधी, आणि नेमक्या त्याच दिवसांत औषध मारलं तर अवशेष राहण्याची भीती. औषध मारलं नाही तर घड काळा पडतो. या काळात फवारणीशिवाय काम करणारं कुणीतरी बागेत आधीपासून असणं, हाच यावरचा खरा उपाय.

गांधीलमाशी मिलीबगला मारते कशी?

गांधीलमाशी म्हटलं की डंख आणि सूज आठवते. ही माशी त्याच मोठ्या गोतावळ्यातली असली तरी आकाराने साधारण एक-दोन मिलिमीटर, काही प्रजाती तर एक मिलिमीटरपेक्षाही लहान. ती पोळं बांधत नाही आणि माणसाला चावत नाही. शास्त्रज्ञ तिला परोपजीवी कीटक म्हणतात.

मादी पानावर फिरत स्पर्शिकांनी मिलीबग चाचपते. योग्य वयाचा सापडला की शेपटीकडची सुईसारखी नळी त्याच्या अंगात खुपसून आत अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी मिलीबगला आतून खात जाते. काही दिवसांत मिलीबग हलायचा थांबतो, फुगतो आणि त्याची कातडी कडक, तपकिरी होते. या टणक कवचाला 'ममी' म्हणतात. आतली अळी कोषात जाते आणि पूर्ण वाढलेली माशी कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते. उबदार हवेत कापसावरच्या मिलीबगच्या माशीचा हा सगळा प्रवास सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होतो. बाहेर आलेली मादी लगेच पुढचा मिलीबग शोधायला लागते.

शोधणं ही तिची खरी ताकद. फवारा जिथे पोचत नाही त्या सांदीकोपऱ्यातल्या मिलीबगपर्यंतही ती अनेकदा पोचते. शेतकऱ्याने दिवसाला मजुरी न देता हे काम चालू राहतं.

एक अट मात्र आहे. प्रत्येक प्रजातीची माशी ठरावीक मिलीबगवरच जगते. पपईच्या मिलीबगची माशी द्राक्षाच्या मिलीबगला हात लावणार नाही. म्हणून आधी मिलीबग नेमका कोणता, हे ओळखावं लागतं. भारतात याची सगळ्यात गाजलेली उदाहरणं तीन आहेत.

पपई : पोर्तो रिकोहून आलेली मदत

२००८ मध्ये तमिळनाडूत कोइंबतूरला पपईवर एक नवा मिलीबग सापडला. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्याचे शत्रू तिकडेच राहिले होते, त्यामुळे इथे तो वणव्यासारखा पसरला. कर्नाटक, केरळ आणि महाराष्ट्रात पुणे परिसरापर्यंत तो आला. पपईशिवाय तुती, साबुदाण्याचा कंद, वांगी, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर तो चढला.

सगळ्यात मोठी अडचण तुतीची होती. रेशीम शेतकरी तुतीचा पाला अळ्यांना खायला घालतो. पाल्यावर विषारी औषध मारलं की मिलीबगआधी रेशीमअळीच मरणार.

बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने मग मिलीबगच्या मूळ मुलखातल्या शत्रूंकडे मोर्चा वळवला. हे शत्रू अमेरिकेच्या कृषी खात्याने पोर्तो रिकोमध्ये आधीच वाढवले होते. जुलै २०१० मध्ये तिथून तीन जातींच्या गांधीलमाश्या भारतात आणल्या गेल्या. बंदिस्त प्रयोगशाळेत त्यांची तपासणी झाली, त्या आपल्याकडच्या उपयोगी किड्यांना त्रास देत नाहीत ना हे पाहिलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शेतात सोडायला सुरुवात झाली. तिघींपैकी ऍसेरोफॅगस पपाये ही सर्वांत वरचढ ठरली. काही महिन्यांतच मिलीबग आटोक्यात येऊ लागला.

अर्थतज्ज्ञांनी नंतर याचा हिशेब मांडला. एकट्या तमिळनाडूत पाच वर्षांचा फायदा ५२ कोटी ते १३४ कोटी डॉलरच्या दरम्यान निघाला. एकदा आणून सोडलेल्या माशीची ही कमाई, आणि माशी अजूनही तिथे आहे.

कापूस : न बोलावता आलेली माशी आणि एक मराठी नाव

पपईच्या आधी कापसावर असंच संकट आलं होतं. मूळचा उत्तर अमेरिकेतला फेनाकोकस सोलेनॉप्सिस हा मिलीबग २००५ नंतर गुजरात, पंजाब, महाराष्ट्र असा पसरत गेला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांत फिरून नमुने गोळा केले, तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच परदेशी मिलीबग असल्याचं स्पष्ट झालं. तो गाजर गवतावरही मजेत वाढतो, त्यामुळे बांधावरून शेतात यायला त्याला वेळ लागत नाही.

इथे मदत कुणी आणली नाही. शास्त्रज्ञांना कापसावरच्या मिलीबगमध्ये तपकिरी ममी दिसू लागल्या. त्यातून एक काळसर गांधीलमाशी निघाली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये ती नवी प्रजाती म्हणून नोंदवली आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्यावरून नाव दिलं : एनेशियस बंबावालेई.

पुढे २०१४ मध्ये लक्षात आलं की ही माशी १९१५ मध्येच अमेरिकेत नोंदवली गेली होती. नियमाप्रमाणे जुनं नाव पुढे आलं आणि ती एनेशियस ऍरिझोनेन्सिस झाली. म्हणजे मिलीबग ज्या मुलखातून आला, त्याच मुलखातली माशी त्याच्या मागोमाग इथवर पोचली होती. फवारणी कमी असलेल्या शेतांत तिने मिलीबगला चांगलाच आळा घातला.

साबुदाणा : आफ्रिकेतून पंढरीच्या वाटेवर

मंगळवेढ्यापासून पंढरपूर सुमारे २५ किलोमीटर. आषाढीला तिथे किती साबुदाणा शिजत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. हा साबुदाणा बनतो कसावाच्या कंदापासून, आणि त्याचं मोठं केंद्र आहे तमिळनाडूतला सेलम परिसर.

याच कसावाला १९७० च्या दशकात आफ्रिकेत एका मिलीबगने घेरलं होतं. तिथे कसावा हे उपवासाचं खाणं नाही. कोट्यवधी लोकांचं ते रोजचं जेवण आहे. स्विस शास्त्रज्ञ हान्स हेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलीबगच्या मूळ मुलखात, दक्षिण अमेरिकेत, त्याचा शत्रू शोधला. पॅराग्वेमधून आणलेली ऍनागायरस लोपेझी ही गांधीलमाशी १९८१ मध्ये नायजेरियात सोडली गेली आणि पुढे आफ्रिकेतल्या बहुतेक कसावा पट्ट्यात पसरली. विमानातूनही माश्या सोडल्या गेल्या. या कामासाठी हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तोच मिलीबग २०२० मध्ये केरळात त्रिशूरजवळ सापडला आणि लवकरच तमिळनाडूच्या कसावा पट्ट्यात पोचला. या वेळी उत्तर शोधावं लागलं नाही. बंगळुरूच्या ब्युरोने आफ्रिकेतल्या बेनिनमधून तीच माशी मागवली आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात येथापूरच्या संशोधन केंद्रातून ती शेतकऱ्यांसाठी सोडण्यात आली.

मग द्राक्ष आणि डाळिंबाचं काय?

द्राक्षात मुख्य त्रास गुलाबी मिलीबगचा. चिरडला की गुलाबी-लालसर पाणी निघतं, ही त्याची ओळख. तो आपल्याच आशियाई भागातला असल्याने त्याचे शत्रूही इथे आहेत. ऍनागायरस कुळातल्या गांधीलमाश्या द्राक्षबागांत आपोआप येतात.

यांची ताकद जगाने १९९४ नंतर पाहिली. त्या वर्षी हा गुलाबी मिलीबग कॅरेबियन बेटांवर ग्रेनाडात पोचला आणि जास्वंदीपासून सागापर्यंत सगळं वाळू लागलं. तिथे चीनमधून ऍनागायरस कामाली ही माशी आणि भारतातून क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा नेण्यात आला. दोघांनी मिळून मिलीबग आटोक्यात आणला.

हा क्रिप्टोलिमस म्हणजे काळसर पंखांचा, तांबूस डोक्याचा छोटा ढालकिडा. तो ऑस्ट्रेलियाहून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढरी, मेणकट असते. त्यामुळे अनेक जण तिला मोठा मिलीबग समजून मारतात. फरक सोपा आहे : मिलीबग हळूहळू सरकतो, ही अळी भराभर पळते.

डाळिंब आणि लिंबावर येणाऱ्या लिंबूवर्गीय मिलीबगसाठीही एक माशी आहे, लेप्टोमॅस्टिक्स डॅक्टिलोपी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ती १९८३ मध्ये त्रिनिदादहून आणली होती.

उसासाठी ट्रायकोकार्ड मिळतं तसं या गांधीलमाश्यांचं कार्ड कृषी केंद्रात सहज मिळत नाही. क्रिप्टोलिमस मात्र काही प्रयोगशाळा वाढवून विकतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात मुख्य काम उरतं ते बागेत असलेल्या माशीला जगू देण्याचं.

माशीच्या वाटेत कोण येतं?

पहिला अडथळा मुंग्यांचा. मिलीबगचा गोड थेंब मुंग्यांना हवा असतो. त्या बदल्यात त्या मिलीबगची राखण करतात, गांधीलमाशी जवळ आली की तिला हुसकावतात आणि पिल्लांना उचलून नव्या फुटीवर नेऊन ठेवतात. ज्या झाडावर मुंग्यांची रांग आहे, तिथे माशीचं काम अर्ध्यावर येतं. म्हणून मिलीबगचा बंदोबस्त खोडापासून सुरू होतो : मुंग्यांची वारुळं शोधणं, खोडावर चिकट पट्टी लावणं, जमिनीला टेकलेल्या फांद्या काढणं.

दुसरा अडथळा चुकीच्या औषधाचा. एकाच वेळी सगळे किडे मारणारी औषधं माशीला सगळ्यात आधी मारतात. औषध घ्यावंच लागलं तर मित्रकीटकांना कमी त्रास देणारं निवडणं, फक्त प्रादुर्भाव असलेल्या झाडांवर मारणं आणि माशा सोडल्या असतील तर आसपासच्या दिवसांत फवारणी टाळणं हे नियम पाळावे लागतात. व्हर्टिसिलियम ही मिलीबगवर वाढणारी बुरशी दमट हवेत चालते, पण कोरड्या हवेत तिचा फारसा उपयोग होत नाही.

तिसरा अडथळा धुळीचा. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ साचली की इवल्या माशीला पानावर फिरणं कठीण होतं. बागेच्या कडेच्या ओळींत मिलीबग जास्त दिसतो, त्यात धुळीचाही हात असतो.

आपल्या बागेत ही माशी आहे का, हे कसं ओळखायचं?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मिलीबग असलेल्या दोन-चार काड्या किंवा पानं काचेच्या बरणीत ठेवायची आणि तोंडाला घट्ट विणीचं पातळ कापड बांधायचं. बरणी सावलीत, उन्हापासून लांब ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत बरणीत इवल्या काळसर किंवा पिवळसर माश्या उडताना दिसल्या, तर मदत बागेत आधीच पोचलेली आहे.

बागेतच बघायचं असेल तर पांढऱ्या पुंजक्यात भिंग घेऊन तपकिरी, टणक कवचं शोधायची. कवचाला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडली. भोक नसेल तर ती अजून आत आहे. अशा ममी बऱ्याच दिसत असतील तर लगेच पंप उचलण्याआधी थांबून विचार करायला हवा. त्या क्षणी मारलेलं औषध पुढच्या पिढीच्या माश्यांनाही मारू शकतं.

छाटणीत निघालेल्या मिलीबगच्या काड्या आणि सुटलेली साल बांधावर टाकायची नाही, कारण तिथून पिल्लं परत येतात. ममी जास्त असलेल्या काड्या मात्र बागेपासून दूर, जाळी लावलेल्या डब्यात काही दिवस ठेवून मग नष्ट केल्या तर आतल्या माश्यांना बाहेर पडायची संधी मिळते.

माशीला काय जमत नाही?

तोडणीला पंधरा दिवस राहिलेत आणि घड पांढरे झालेत, अशा वेळी माशी वाचवू शकत नाही. तिला मिलीबगच्या मागे धावत संख्या वाढवायला वेळ लागतो. तिचं काम छाटणीपासून सुरू व्हायला हवं. ती मिलीबग मुळासकट संपवतही नाही. थोडे मिलीबग उरतात, त्यावर थोड्या माश्या जगतात आणि संख्या नुकसानीच्या पातळीखाली राहते. ज्या ग्राहकाला घडात एकही किडा चालत नाही, त्याच्यासाठी साल काढणं, घडांची तपासणी, गरजेपुरतं औषध हे सगळं जोडीला लागतंच.

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. त्या उष्ण, कोरड्या हवेत क्रिप्टोलिमससारखे ढालकिडे मंदावतात. आणखी एक गंमत म्हणजे या गांधीलमाश्यांनाही शत्रू आहेत. काही दुसऱ्या माश्या त्यांच्याच अळीवर अंडी घालतात, त्यामुळे कधी कधी त्यांची संख्या घटते.

आणि परदेशी माशी कुणीही आणून सोडू शकत नाही. सरकारी परवानगी, विलगीकरण, तपासणी हे टप्पे आहेत, आणि ते असायलाच हवेत. डाळिंबासाठी सोलापूरजवळ केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, द्राक्षासाठी मांजरीचं केंद्र आणि जवळच मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र, इथे मिलीबगचा नमुना दाखवून सल्ला घेता येतो.

बाल्कनीतल्या जास्वंदीसाठी

शेत नसलं तरी जास्वंद अनेकांकडे असते आणि तिच्यावर पांढरा कापूसही असतो. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा. नंतर उरलेले पुंजके ओल्या फडक्याने पुसून काढायचे, फारच भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकायचा. कुंडीत मुंग्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करायचा. आणि पुसता पुसता एखादं तपकिरी, गोल, टणक कवच दिसलं तर ते तसंच राहू द्यायचं. आतमध्ये पुढचे पुंजके संपवणारी माशी असण्याची शक्यता आहे.

मंगळवेढ्याच्या बागेतही हिशेब हाच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर खोडावरची साल आणि मुंग्यांची रांग ज्याने बघितली, त्याला फेब्रुवारीत घड उचलताना कमी धास्ती वाटते.